खड्डा चुकला

कासामा
४ जून १९८४

उंदीरखाऊ योताम जेरे यास,

हे पत्र लुसाकाच्या बसच्या कंडक्टरकडे देतोय. पोस्टानं पाठवलं तर तोवर सगळं आटपलेलं असेल. माझा थोरला भाऊ चिलेक्वा काल गेला. तुझ्याच शहरात, त्याच्या मुलीकडे, बुपेकडे. शनिवारी सकाळी माती आहे.

मला येता येत नाही. छपरावर चढलेली कोंबडी उतरवायला मी वर गेलो. कोंबडी आपली आपण उतरली, मी पडलो. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. हसू नकोस, आधी पुढे वाच.

मी नसलो तर काही अडत नाही. रडायला घरात माणसं पुष्कळ आहेत. पण तू नसलास तर अडतं. तुमच्या न्गोनी आजोबांनी आमच्या बेंबा आजोबांची गुरं पळवली, आमच्यांनी तुमच्यांना भाल्यावर घेतलं, आणि शेवटी दोघांनी दमून ठरवलं की यापुढे एकमेकांना फक्त तोंडानं मारायचं. म्हणून तू माझा म्बुया, थट्टेचा सोयरा. बेंबाच्या मातीला न्गोनी म्बुया आला नाही, कुणी प्रेताची टर उडवली नाही, तर लोक काय म्हणतील? या माणसाला चिडवणारंसुद्धा कुणी नव्हतं.

तेव्हा जा. खड्ड्यात उतर, आडवा हो. सांग, की या माकडखाऊला इथे जागा नाही, हा माझा बिछाना आहे, कोंबडा द्या मग उठतो. लोकांना हसव. चिलेक्वाला तू फार आवडायचास, का ते देवाला ठाऊक.

तू जन्मापासूनच डोक्यानं बिघडलेला आहेस, हे मी आपण काब्वेच्या रेल्वे वर्कशॉपात एका खोलीत राहायचो तेव्हापासून सांगतोय. वेड तुमच्या रक्तात आहे. त्याचा एक दिवस तरी कुणाला उपयोग होऊ दे.

तुझा,
कापासा लोम्बे


लुसाका
२० जून १९८४

माकडखाऊ कापासा यास,

तुझं पत्र वेळेवर मिळालं. मी गेलो होतो. खड्ड्यात उतरलो, आडवा झालो, सगळं केलं. लोक इतके थक्क झाले की बोलायचंच विसरले. अशी म्बुयागिरी या शहरात कित्येक वर्षांत कुणी पाहिली नसेल. पोलीससुद्धा बघायला आले.

आता त्यावर जास्त लिहीत नाही. आपणच आपली स्तुती काय करायची.

तू बुपेला या बाबतीत पत्र लिहू नकोस. ती दुःखात आहे. तिला त्या दिवसाचं काही विचारू नकोस. विचारलंस आणि तिनं काही वेगळं सांगितलं, तर समज की रडून रडून तिला दिसत नव्हतं.

मी सध्या घरी नाही. तब्येत दाखवायला एका सरकारी ठिकाणी आहे. जेवण फुकट, मक्याच्या पिठाची न्शिमा आणि वर उकडलेली पानं, मीठ कमी. खिडकीला गज आहेत, त्यामुळे चोराची भीती नाही. पण मला इथे झोप लागत नाही. कोंबड्यांना शेजारीण दाणे घालते की स्वतःच शिजवून खाते कोण जाणे. घराची किल्ली मी दाराच्या चौकटीवर ठेवली की खिशात होती तेही आठवत नाही. तुझा पाय कसा आहे? प्लास्टरच्या आत खाज आली तर काडी घालू नकोस. आमच्या गल्लीतल्या एकाची काडी आत मोडली.

एक विचारायचं होतं. समज, एखाद्या माणसानं अगदी योग्य तेच काम केलं, पण जरासं बाजूला केलं, तर ते केल्यात धरतात की नाही? सहज विचारतोय. इथे एकाशी वाद झाला.

तुझा,
योताम


कासामा
२ जुलै १९८४

आदरणीय श्री. योताम जेरे यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली प्रकृती उत्तम असो ही प्रार्थना.

माझी पुतणी कुमारी बुपे हिचेही पत्र मिळाले. तिच्या लिहिण्याप्रमाणे माझ्या भावाचा दफनविधी अत्यंत शांततेत पार पडला. एकही न्गोनी आला नाही. खड्ड्यात कुणी उतरले नाही. कुणी हसले नाही. शेजारच्या एका मातीवर काहीतरी आरडाओरडा चालला होता, तेवढाच काय तो आवाज. आमच्या चिलेक्वाला एखाद्या बेवारशासारखे गुपचूप पुरण्यात आले.

गेल्या आठवड्यात येथील पोलीस ठाण्याचा शिपाई सायकलवरून माझ्याकडे आला. लुसाकाहून विचारणा आली होती, की योताम जेरे नावाच्या इसमास आपण ओळखता काय आणि त्यास पत्र लिहिले होते काय. मी सांगितले, असा इसम माझ्या माहितीत नाही आणि मी त्यास कधी पत्र लिहिले नाही. आपणास याचा त्रास होणार नाही अशी आशा आहे.

तिकिटाचा खर्च करावा इतका आपला संबंध उरला नसल्यामुळे हे पत्र कंडक्टरकडे देत आहे. आपल्या कोंबड्यांस शुभेच्छा.

आपला नम्र,
कापासा लोम्बे


लुसाका
९ जुलै १९८४

कापासा,

तुझं पत्र शेजारणीनं इथे आणून दिलं. 'आदरणीय' वाचलं आणि मी पत्र उलटून खालचं नाव पुन्हा वाचलं. तू मला उंदीर म्हण, उंदराची शेपटी म्हण, पण आदरणीय म्हणू नकोस. मी काय मेलोय का?

सगळं खरं सांगतो. मी मातीला आलो होतो. मी खड्ड्यात उतरलो होतो. फक्त खड्डा चुकला.

शनिवारी त्या दफनभूमीत काय असतं तुला माहीत नाही. ओळीनं खड्डे, ओळीनं टेंपो, ओळीनं रडणारी माणसं. आणि मी चष्मा घरी ठेवला होता. खड्ड्यात आडवं व्हायचं, चष्मा फुटला तर नवा कुठून आणायचा, म्हणून. लांबून गाणं ऐकू आलं. रडण्याचं गाणं सगळ्यांचं सारखंच लागतं. मी पळत गेलो, बाया बाजूला सारल्या आणि उडी मारली.

आडवा झालो आणि तू सांगितलंस तसं म्हणालो, या माकडखाऊचं पोट या खड्ड्यात मावणार नाही, कोंबडा आणा. कुणी हसलं नाही. मला वाटलं शहरात राहून बेंबा मंद झाले आहेत, जरा मोठ्यानं सांगावं. मग मी विचारलं, हा मेल्यावर तरी घोरायचा थांबला का? बायकोला विचारा, तिला आज पहिल्यांदा झोप लागेल. तरी कुणी हसलं नाही. बेंबा कोंबडा लवकर काढत नाहीत हे मला ठाऊक होतंच. म्हणून मी डोळे मिटून घोरायला लागलो. चांगला घोरलो, कापासा. नंतर डोळे उघडले तर वरून एक पोलीस वाकून बघत होता.

तो मेलेला माणूस कायोम्बो. ट्रकवाला, मोठा माणूस. लुवाले जमातीचा. आणि लुवाल्यांशी आमचं काहीच नाही. लढाई झालेली नाही, तर थट्टा कुठून येणार? म्बुया नसलेल्या माणसानं प्रेताला माकडखाऊ म्हटलं तर ती शिवीच होते. त्याचे भाऊ मला तिथेच पुरणार होते. चिलेक्वा दोन खड्डे सोडून पलीकडे होता. तो आरडाओरडा बुपेनं ऐकला ना, तो मीच.

हे तुला कुठल्या तोंडानं लिहिणार होतो? म्हणून आधीचं पत्र तसं लिहिलं.

आता पुढचं ऐक, ते जास्त वाईट आहे. माझ्यावर खटला आहे. दफनात अडथळा आणणं आणि प्रेताचा अपमान. सरकारनं एक वकील दिलाय, त्याला अजून नीट दाढीसुद्धा येत नाही. तो म्हणाला, "आजोबा, परक्याच्या खड्ड्यात घोरणारा माणूस शहाणा आहे असं मला कोर्टात सांगता येणार नाही. तुम्ही वेडे व्हा. वेड्याला शिक्षा नसते."

मी विचारलं, "किती वेळ वेडं व्हावं लागेल?"

तो म्हणाला, "ते डॉक्टर ठरवतील."

मी हो म्हणालो. तुला माहीत आहे, शिकलेला माणूस काही म्हणाला की मी हो म्हणतो. मग त्यांनी मला इथे तपासणीला पाठवलं. हे वेड्यांचं इस्पितळ आहे. माझ्या शेजारच्या खाटेवर सिचोने म्हणून एक म्हातारा आहे. त्यानं मला पहिल्याच दिवशी विचारलं, "निर्दोष आहेस का?"

मी म्हणालो, "वकील म्हणतो, वेडा म्हणून निर्दोष सुटशील."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "अरे भावा, मीही तसाच निर्दोष आहे. दुकानाची काच फोडली होती. ज्यानं तीच काच माझ्याबरोबर फोडली आणि शहाणा ठरला तो तीन महिन्यांत घरी गेला. मी वेडा ठरलो. आता राष्ट्राध्यक्षांची सही येईल तेव्हा जायचं. सहीची वाट बघता बघता केस पांढरे झाले. ते दुकानही आता तिथे नाही म्हणतात."

कापासा, मला वेडं व्हायचं नाही. मला दोषी व्हायचंय. पण ते कुणी होऊ देत नाही.

इथल्या डॉक्टरीणबाई नासिलेले, लोझी आहेत, चांगल्या आहेत. त्यांनी मला विचारलं, "त्या दिवशी आपण काय करतोय ते तुम्हाला कळत होतं का?"

मी म्हणालो, "हो. झोपलो होतो."

"ते चूक आहे हे कळत होतं का?"

"झोपणं बरोबर होतं, बाई. खड्डा चुकला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "तिथे जायला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, कापासानं. आणि तुझं पत्र काढून दिलं. झालं. पोलिसांनी कासामाला विचारलं होतं आणि तिथून उत्तर आलं होतं, की कापासा लोम्बे म्हणतो मी याला ओळखत नाही, पत्र लिहिलेलं नाही. पत्रावर तिकीट नाही, शिक्का नाही. म्हणजे ते पत्र मीच मला लिहिलंय.

बाईंनी फार हळू आवाजात विचारलं, "हे कापासा तुमच्याशी नेहमी बोलतात का?"

मी म्हणालो, "तीस वर्षं."

"काय बोलतात?"

"शिव्या देतात."

"आत्ता बोलताहेत का?"

मी म्हणालो, "बाई, तो कासामात आहे. इतक्या लांबून त्याचा आवाज कसा येईल?"

त्यांनी ते लिहून घेतलं. का लिहून घेतलं ते मला कळेना. काल तुझं 'आदरणीय' पत्रही त्यांनी वाचलं. म्हणाल्या, "हेही तेच कापासा? पण हे तर फार सभ्य आहेत." आता माझ्या कागदांत दोन कापासा झालेत, एक शिव्या देणारा आणि एक नमस्कार करणारा, आणि दोघेही माझ्या डोक्यात राहतात.

रात्री मला खरंच शंका येते. तू आहेस ना? असलास तर लिही. तिकीट लाव.

योताम


कासामा
१६ जुलै १९८४

अरे उंदराच्या शेपटीच्या टोका,

मी नाही? मी नाही म्हणजे काय? माझा पाय प्लास्टरमध्ये आहे, माझी बायको मला सकाळपासून आळशी म्हणतेय, आणि मी नाही?

तुझं पत्र बायकोला वाचून दाखवत होतो. तू घोरायला लागलास तिथे मी इतका हसलो की खुर्चीवरून घसरलो आणि प्लास्टरला चीर गेली. ती शेजारणीला बोलवायला गेली. शेजारीण आली, तिला वाचून दाखवलं, ती जमिनीवर बसली. आता गल्लीत सगळे मला बघून घोरतात.

तिकडे चिलेक्वा हे ऐकून काय करत असेल. दोन खड्ड्यांवर त्याचा म्बुया दुसऱ्यासाठी घोरतोय. तू उंदीर खाऊन खाऊन डोळे घालवलेस, हे मी आधीपासून सांगत होतो. चष्मा फुटेल म्हणून घरी ठेवणारा माणूस, देवा, हा चप्पल झिजेल म्हणून हातांवर चालेल.

पण ऐक. मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. पुतण्यानं हातगाडीवर घालून नेलं. त्या शिपायाला म्हणालो, मी योताम जेरेला ओळखतो. तो म्हणाला, "गेल्या महिन्यात तर नाही म्हणालात." मी म्हणालो, "तेव्हा मी रागावलो होतो." तो म्हणाला, "म्हणजे तेव्हा खोटं बोललात की आत्ता बोलताय? लुसाकाला त्या इस्पितळात अजून एक खाट आहे का विचारू का?" शिपाई कुठला आहे विचारलं, तर न्गोनी निघाला. त्याच्या डोळ्यांत हसू होतं. मी त्याला उंदीरखाऊ म्हटलं, त्यानं मला माकडखाऊ म्हटलं, आणि मग आम्ही दोघांनी बसून नवा जबाब लिहिला.

तो जबाब आणि माझ्या ओळखपत्राची नक्कल डॉक्टरीणबाईंना रजिस्टर पोस्टानं पाठवली आहे. तिकीट लावलंय. चार लावली आहेत, पोस्टमास्तर नको म्हणत होता तरी. तू जेवत राहा. सिचोनेच्या शेजारी झोपू नकोस, त्याची सवय लागेल.

मी आहे. तुझ्या डोक्यात राहायला मी काय वेडा आहे?

कापासा


लुसाका
२६ जुलै १९८४

श्री. कापासा लोम्बे यांस,

आपला जबाब व ओळखपत्राची नक्कल मिळाली. आपण आहात हे वाचून समाधान वाटले. श्री. जेरे यांच्या कागदपत्रांत मी तशी दुरुस्ती केली आहे.

तरीही एक अडचण आहे. कोर्टात दुसरी बाजू म्हणेल की आपण असलात तरी मित्राला वाचवण्यासाठी आता गोष्ट रचत आहात. मी लोझी आहे. टोंगा लोक आमचे थट्टेचे सोयरे. माझ्या वडिलांच्या मातीला एका टोंगा म्हाताऱ्यानं पेटीवर बसून मासे मागितले होते, त्यामुळे हे काय असतं ते मला समजतं. पण मला जे समजतं ते मला तपासणीत लिहिता येत नाही. मला पुरावा लागतो.

श्री. जेरे हे आपले खरोखरच म्बुया आहेत हे दिसेल असं काहीतरी आपण मला लिहून पाठवावं. ते कोर्टात वाचलं जाईल. कसं लिहायचं ते मी सांगू शकत नाही. सांगितलं तर तो पुरावा राहणार नाही.

आपली,
डॉ. नासिलेले


कासामा
२ ऑगस्ट १९८४

डॉक्टरीणबाई नासिलेले यांस,
नमस्कार.

तुम्ही टोंगांच्या म्बुया, म्हणजे तुमचं डोकं ठिकाणावर नसणार हे मला माहीत आहे, पण तुम्ही डॉक्टर आहात म्हणून मान देतो.

योताम जेरेबद्दल खालीलप्रमाणे सांगतो. हे कोर्टात मोठ्यानं वाचावं.

हा माणूस उंदीर खातो. लपवतो, पण खातो. काब्वेला आम्ही एका खोलीत असताना तो पगाराच्या दिवशी बाजारातून वाळवलेले उंदीर काडीला लावून आणायचा आणि मला म्हणायचा, हे मासे आहेत. मी एक खाल्ला. तीस वर्षं झाली, मी त्याला माफ केलेलं नाही.

हा भित्रा आहे. वर्कशॉपात भोंगा वाजला की दर वेळी दचकायचा. भोंगा रोज वाजायचा.

हा कंजूष आहे, विसरभोळा आहे, याला गाता येत नाही आणि तरी गातो. याच्या बायकोच्या मातीला मी काब्वेहून रातोरात लुसाकाला आलो होतो. खड्ड्याच्या काठावर उभा राहून मी त्याला म्हणालो, ती शहाणी होती म्हणून आधी सुटली, तुझी बडबड आता कुणी ऐकणार नाही. तो इतका हसला की त्याला दोघांनी धरलं. त्यानंतर त्यानं मला पोटभर कोंबडी वाढली. असा तो आहे. मी त्याचा म्बुया आहे. तो माझा आहे. त्याला चिलेक्वाच्या खड्ड्यात मीच पाठवलं होतं, आणि तो गेला, कारण मी सांगितलेलं तो नेहमी करतो आणि नेहमी चुकीचं करतो.

त्याला वेडा म्हणायचा हक्क फक्त बेंबांचा आहे. सरकारनं त्यात पडू नये.

तुमचा,
कापासा लोम्बे


लुसाका
१९ ऑगस्ट १९८४

माकडाच्या मामा,

मी दोषी ठरलो. पत्र हातात घट्ट धर आणि सगळ्यांना सांग. घरी आहे. कोंबड्या आहेत, एक कमी आहे, शेजारीण म्हणते घारीनं नेली. किल्ली चौकटीवर होती.

कोर्टात काय झालं ते ऐक. माझा वकील उठला आणि म्हणाला, "माझ्या अशिलाला वेडा ठरवून निर्दोष सोडावं." समोरचा सरकारी वकील उठला आणि म्हणाला, "आरोपी वेडा आहे यावर आमचा आक्षेप नाही." दोघांचं एकमत झालं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, हात जोडतो, मी गुन्हेगार आहे. मला कुणीतरी ऐका."

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "जेरे, खाली बसा. तुमचा वकील तुमच्या बाजूनं बोलतोय."

मी म्हणालो, "साहेब, तेच तर."

मग डॉक्टरीणबाई उठल्या. म्हणाल्या, याला आपण काय करतोय ते कळत होतं, त्याचं डोकं ठिकाणावर आहे, चुकीची जागा हे वेड नव्हे. आणि तुझं पत्र वाचायला दिलं. वाचणारा कारकून फार गंभीर माणूस, टाय लावलेला. तो वर न बघता वाचत गेला. उंदीर काडीला लावून, मग भोंगा, मग माझं गाणं. मागच्या बाकांवर कुजबुज झाली, मग एकजण फिस्सकन हसला. 'सरकारनं त्यात पडू नये' असं त्यानं टायवाल्या आवाजात वाचलं आणि सगळं कोर्ट फुटलं. मॅजिस्ट्रेटांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसत होते.

मी हसलो नाही. मी रागावून उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, हे खोटं आहे. ते मासेच होते. या माकडखाऊला मासे आणि उंदीर यांतला फरक कळत नाही." मॅजिस्ट्रेट म्हणाले, "नोंद करा, आरोपीनं साक्षीदाराला ओळखलं."

मग त्यांनी कायोम्बोच्या बायकोला विचारलं, तुमचं काही म्हणणं आहे का. मला वाटलं संपलं. बाई काळ्या कपड्यांत, सगळा वेळ खाली मान घालून होत्या. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "साहेब, मला एकच विचारायचंय. माझा नवरा घोरायचा हे यांना कसं कळलं?"

मी म्हणालो, "बाई, सगळेच घोरतात."

त्या म्हणाल्या, "माझ्या नवऱ्यासारखं नाही. तुम्ही खड्ड्यात जे केलंत ते अगदी त्यांच्यासारखं होतं. माझा धाकटा म्हणाला, आई, बाबा उठले." आणि त्या रुमालाआड हसल्या की रडल्या मला कळलं नाही. त्यांच्या दिरांनी एकमेकांकडे बघितलं. मी त्यांच्यापुढे जाऊन गुडघे टेकले, टाळी वाजवून माफी मागितली, आपण मोठ्यांपुढे मागतो तशी. त्यांनी माफ केलं.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "योताम जेरे, तुम्ही शहाणे आहात आणि दोषी आहात." कापासा, इतकं चांगलं मला आयुष्यात कुणी म्हटलेलं नाही. शिक्षा दिली, की येते काही शनिवार दफनभूमीतल्या वाटा झाडायच्या, चष्मा घालून. वकील बिचारा खट्टू झाला. म्हणाला, "आजोबा, आपण हरलो." मी त्याची समजूत काढली. सिचोनेचं काय करता येईल तेही विचारलं. तो म्हणाला, बघतो. बघेल असं वाटतं, लाजला होता.

काल पहिला शनिवार. झाडू घेऊन गेलो. चिलेक्वापर्यंत आलो. नाव दोनदा वाचलं, मग बोटानं चाचपून वाचलं, मग शेजारच्या माळ्यालाही वाचायला लावलं. तोच होता. माती अजून वर आलेली, बसलेली नाही. खड्डा बुजला होता, तेव्हा मी वरच आडवा झालो. म्हणालो, माकडखाऊ, सरक जरा, उशीर झाला पण आलोय, कोंबडा कुठेय.

मग पुढचं बोलायला तोंड उघडलं आणि मला रडू आलं. मला त्याचं ते पोटावर हात ठेवून हसणं आठवलं. मी खूप रडलो, कापासा. म्बुयानं मातीवर रडायचं नसतं, मला माहीत आहे. माळ्यानं पाहिलं. बुपेला सांगेल की काय अशी भीती वाटतेय. झोप येत नाही. तू रागावला असशील तर स्पष्ट लिही, पण आदरणीय म्हणू नकोस.

योताम


कासामा
२७ ऑगस्ट १९८४

उंदीरखाऊ,

पत्र बायकोला वाचून दाखवलं. शेवटचा भाग वाचला नाही, तो मी एकट्यानं वाचला.

म्बुया रडला. आमच्या मातीवर. हा बेंबांचा अपमान आहे आणि यावर खटला चालला पाहिजे. मी तो इथेच, खाटेवर बसून चालवला.

आपण काय करतोय ते तुला कळत होतं. ते चूक आहे हेही कळत होतं, तूच लिहिलंयस. डोकं ठिकाणावर असल्याचं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय. खड्डाही या वेळी बरोबर होता. म्हणजे तुला सुटायला एकही वाट नाही. दोषी.

माझं प्लास्टर काल काढलं. पाय बारीक झालाय, तुझ्या मानेएवढा. कासामाला ये आणि शिक्षा भोग. आमच्याकडे वर्षाअखेरपर्यंत राहायचं, आणि चिलेक्वाबद्दल जे जे वाईट तुला आठवतं ते सगळं मला रोज सांगायचं. मी कुणाशी तरी त्याच्यावर हसल्याला फार दिवस झाले.

शनिवार संपले की निघ. बस मंगळवारी सुटते. गाडीवरचं नाव वाचून चढ.

कापासा